एका तारेवर टीव्ही आणि इंटरनेट : पत्रकावरचा भाव आणि घरातला अनुभव

बाजारपेठेतून फेरफटका मारला की हल्ली एक रंगीत पत्रक हाती पडतेच. एकाच तारेवर इंटरनेट, टेलिफोन आणि साडेपाचशे वाहिन्यांचा टीव्ही. महिना फक्त ५९९ रुपये. ही सेवा घ्यावी काय, आणि घेतल्यास जुनी केबल काढून टाकावी काय, असे अनेक दुकानदार बांधव विचारतात. ऐकीव माहितीवर सल्ला देणे आम्हास प्रशस्त वाटेना. म्हणून मिरजेतील आमच्या घरी एका कंपनीची ही सेवा घेतली आणि चार महिने केबलही सोबत चालू ठेवली.

प्रथम पैशाचे बोलू. ५९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे महिन्याला ७०६ रुपये ८२ पैसे. जोडणीचा खर्च माफ, पण सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. एकरकमी ४,२४० रुपये ९२ पैसे मोजावे लागले. रोख आधी द्यायची आणि माल सहा महिने थोडा थोडा घ्यायचा, या व्यवहाराचा अर्थ व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. केबलचे ३५० रुपये आम्ही महिना संपल्यावर देत असू, तेही केबलवाला दारात आल्यावर.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोडणी दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतली आणि धंद्यासाठी वापरली, तर भरलेल्या कराची वजावट मिळते. घरच्या वापरावर ती मिळत नाही आणि कंपोझिशन योजनेतील दुकानदारालाही नाही. विक्रेत्याने हे आपणहून सांगितले नाही.

इंटरनेटबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. वेग ३० एमबीपीएस सांगितला होता आणि तेवढा मिळाला. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. आठाने भागले की सेकंदाला पावणेचार मेगाबाइट उरतात. तरी एका स्वच्छ एचडी चित्राला साधारण पाच एमबीपीएस पुरतात, त्यामुळे एका खोलीत मुलीचा ऑनलाइन वर्ग, दुसरीत टीव्ही आणि आमचे ई-वे बिल हे सारे एकाच वेळी चालले. जुन्या घराच्या जाड भिंतींपलीकडे वाय-फाय मंदावतो. आम्ही टीव्हीच्या पेटीला राउटरपासून सरळ वायर जोडली आणि अडचण मिटली. ‘अनलिमिटेड’ या शब्दाचीही चौकशी करावी. अनेक योजनांत महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग उतरतो. घरगुती वापर तेथवर सहसा जात नाही.

टीव्हीची गोष्ट वेगळी. साडेपाचशे वाहिन्यांपैकी आमच्या घरात दहा-बाराच पाहिल्या जातात आणि त्या केबलवरही होत्या. ‘मोफत’ ॲपपैकी दोन फक्त मोबाईलवर चालणारी निघाली. शिवाय इंटरनेटवरून येणारे थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या केबलवाल्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू यायचा, विकेट आमच्याकडे मग पडायची. अब्बांनी दोन दिवस हे सहन केले आणि नंतर जुना रिमोट मागून घेतला.

वीज गेली की सगळेच जाते. पूर्वीच्या तांब्याच्या टेलिफोन तारेतून एक्स्चेंजचीच वीज येत असे, म्हणून अंधारातही फोन वाजे. काचेच्या तारेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. राउटरसाठी छोटा बॅटरीचा यूपीएस घेतला, तो वेगळा खर्च.

खरी कसोटी तिसऱ्या महिन्यात लागली. उंच माल भरलेला एक ट्रक गल्लीतून गेला आणि दोन्ही तारा तुटल्या. केबलवाला शिडी घेऊन आला, पक्कड चालवली आणि दीड तासात चित्र परत आणले. कंपनीच्या क्रमांकावर यंत्राचा आवाज होता. एक दाबा, दोन दाबा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याची बाजूही सांगितली पाहिजे. काचेचा तंतू पकडीने जोडता येत नाही. दोन्ही टोके विजेच्या ठिणगीने वितळवून सांधावी लागतात आणि त्याचे यंत्र प्रत्येक मुलाजवळ नसते. परंतु ते तीन दिवस टीव्ही, फोन आणि दुकानाचे कॅमेरे घरून पाहण्याची सोय एकदमच बंद होती. सर्व सेवा एका तारेवर आणण्याची ही किंमत पत्रकावर छापलेली नसते.

आता केबलवाल्याचे काय, हा प्रश्न आमच्या व्यापार पानाचाच आहे. १९९० नंतरच्या दशकात गल्लीगल्लीतील तरुणांनी छतावर डिश बसवून हा धंदा स्वतःच्या पैशाने उभा केला. २०१९ च्या ट्रायच्या नियमाने १०० वाहिन्यांचे शुल्क कर सोडून १३० रुपयांपर्यंत बांधले गेले. वरच्या कंपनीशी वेगळा करार न झाल्यास ५५ टक्के तिचे आणि ४५ टक्के स्थानिक केबलवाल्याचे, म्हणजे घरामागे साडेअठ्ठावन्न रुपये. ही मर्यादा २०२४ मध्ये उठली, तोवर गिऱ्हाईक पांगू लागले होते. आमच्या केबलवाल्याची निम्म्याहून अधिक घरे गेली, असे तो सांगतो. आता तो दुसऱ्या एका कंपनीची काचेची तार स्वतःच ओढून देतो.

“चाचा, जोडणी माझ्याकडून घ्या, पैसे महिन्याचे महिन्याला द्या,” असे तो म्हणाला. दर कंपनीपेक्षा पन्नास रुपयांनी अधिक. त्या पन्नास रुपयांत शिडी येते, तेव्हा आम्हास तो महाग वाटला नाही. दुकानासाठी त्याच्याकडून जोडणी घेतली आहे. घरची केबल अब्बांसाठी लहान पॅकेजवर आणली आणि कंपनीचे आगाऊ भरलेले दोन महिने अजून शिल्लक आहेत.