वनभोजनाची शिदोरी

वनभोजनास जावें ही कल्पना घरांत प्रथम कोणास सुचते, हें ओळखण्यास फारसा विचार करावा लागत नाहीं. ती पुरुषांस सुचते, आणि बहुधा आदल्या रात्रीं जेवतां जेवतां सुचते. मुलें टाळ्या पिटतात, वडील मंडळी संमति देतात, गाड्यांची व्यवस्था ठरते, आणि एवढें झाल्यावर स्वयंपाकघराकडे पाहून कोणी तरी म्हणतो, "आपलें कांहीं तरी साधेंच करा हो, फार खटाटोप नको." या साध्याचा अर्थ वीस माणसांच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, दोन चटण्या आणि वर कांहीं तरी गोड, असा असतो. पहांटे चारला शेगड्या पेटतात. ज्यांनीं हें सर्व रांधलें त्या बायका वनांत पोंचल्यावर पदर खोंचून वाढण्यास उभ्या राहतात. त्यांचें वनभोजन म्हणजे त्यांचें नेहमींचेंच स्वयंपाकघर. फक्त त्यावर छप्पर नसतें.

आम्ही स्वतः या दोषापासून मुक्त आहों असें नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत सुटीसाठीं घरीं मंडळी जमली होती, म्हणून धुळ्याहून मुडावदला जाण्याचें ठरलें. तेथें पांझरा तापीला मिळते आणि संगमावर कपिलेश्वराचें पुरातन देऊळ आहे. मुलांस पाणी, वृद्धांस देव, असा दुहेरी लाभ. धाकट्या सूनबाईंनीं पहांटे मसालेभात केला. तो निववून मग भरावा असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु जेवणाच्या वेळीं भात गरम हवा, असा हट्ट आम्हींच धरला, आणि वाफाळता भात मोठ्या डब्यांत दाबून भरून, वर चादर गुंडाळून, तो गाडींत ठेवविला. दुपारीं एकला डबा उघडला तेव्हां भात कोमट होता आणि वास उत्तम येत होता. रात्रीं नऊच्या सुमारास पहिल्या मुलाला वांती झाली. मध्यरात्रीपर्यंत चार मुलें आणि थोरल्या काकू अंथरुणास खिळल्या. काकूंचें वय तेव्हां शहात्तर. त्यांना शिरेंतून पाणी द्यावें लागलें, आणि ती एक रात्र घरांत कोणी निजलें नाहीं. सुदैवानें चौथ्या दिवशीं सर्व हिंडूं-फिरूं लागलीं.

दोष अर्थातच सूनबाईंच्या हातास लागला. 'भात कच्चा राहिला असेल', 'मसाला जुना असेल', 'हल्लींच्या मुलींना घाईच फार', असें जो तो बोलला. आम्ही त्या वेळीं गप्प बसलों, हें लिहितांना आजही बरें वाटत नाहीं. कारण पुढें डॉक्टरांशीं बोलतां कळलें तें असें, कीं भात कच्चा नव्हता आणि मसालाही जुना नव्हता. तांदळांत बॅसिलस सीरियस नांवाच्या जंतूचीं बीजें असूं शकतात, आणि तीं उकळत्या पाण्यानेंही मरत नाहींत. भात कडकडीत असेपर्यंत किंवा अगदीं गार असेपर्यंत तीं निजून असतात. तो तासन् तास कोमट राहिला कीं जागीं होऊन वाढतात व विष सोडतात. हें विष असें चिवट, कीं अन्न पुन्हा तापविलें तरी जात नाहीं, आणि वासावरून ओळखूंही येत नाहीं. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतची उष्णता जंतूंस मानवते, आणि बाहेर ३२ अंशांहून अधिक उष्मा असल्यास शिजलेलें ओलें अन्न एका तासापेक्षां जास्त वेळ तसेंच ठेवूं नये, असा अन्नशास्त्राचा दंडक आहे. आमच्याकडे वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर चढतो! म्हणजे आम्हीं मोठ्या प्रेमानें चादर गुंडाळून ठेवलें होतें तें विषाचें बीं, आणि बोल मात्र लागला तो भात निववा म्हणणाऱ्या बाईला.

या प्रसंगानंतर आम्ही शिदोरीचा विचार अधिक काळजीनें करूं लागलों, आणि मग ध्यानांत आलें कीं आपल्या आज्या-पणज्यांनीं तो फार पूर्वींच करून ठेवला होता. दशमीचेंच पहा. कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजविली कीं ती सोंवळ्या-ओंवळ्याच्या हिशेबांत प्रवासास चालते, म्हणून दशमी आली, असें आपण ऐकत आलों. सोंवळ्याचा तो हिशेब आज बहुतेक घरांतून गेला आहे. परंतु दशमी जाऊं देऊं नये. दुधांत गूळ विरघळवून, तुपाचें मोहन घालून कणीक घट्ट मळावी आणि मंद आंचेवर, अंगची ओल निघेपर्यंत भाजावी. ती दोन दिवस मऊ राहते आणि तोंडीं लावण्यास नुसतें तूप किंवा लोणचें पुरतें. तिखट-मिठाच्या पुऱ्या, धपाटे, गुळपापडी, शेंगदाण्याची व तिळाची कोरडी चटणी, मेतकूट, हे सारे त्याच कुळांतले. यांचें मर्म एकच: पाणी कमी, आणि करणें आदल्या दिवशीं. पहांटे चारला उठण्याचें मग कारण उरत नाहीं.

दहीभाताविषयीं मात्र सावध असावें. थंडीच्या दिवसांत, भात पूर्ण निववून, गार दूध व चमचाभर विरजण घालून नेला तर दुपारपर्यंत सुरेख लागतो. उन्हाळ्यांत त्याच्या वाटेस जाऊं नये. त्याऐवजीं ज्वारीच्या लाह्यांचें पीठ कोरडें न्यावें आणि ऐन वेळीं ताक, मीठ, जिरें घालून कालवावें. ताक थर्मासांत बर्फाचे खडे टाकून नेतां येतें. पितळेच्या भांड्यांत ताक न्यावयाचें असल्यास कल्हई नीट पाहून घ्यावी. आंबट पदार्थ उघड्या पितळेस लागला कीं कळकतो, आणि तो खाल्ल्यास मळमळून येतें.

पण खानदेशांत राहून वनभोजन वैशाखांत करणें हीच मुळीं चूक. आमचा वनभोजनाचा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंत. कार्तिक शुद्ध पक्षांत आवळीखालीं जेवण्याची चाल तर आपल्या घरोघरीं होतीच, आणि तें वनभोजन नाहीं तर दुसरें काय? पुढें मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला वांग्याचें भरीत व रोडगा यांचा नैवेद्य दाखविला कीं चातुर्मासांत वांगें वर्ज्य करणाऱ्या घरांतही त्याचा मार्ग मोकळा होतो. याच सुमारास जळगांवकडे भरताच्या वांग्यांनीं बाजार भरून जातो. यावल तालुक्यांतील बामणोदचीं वांगीं विशेष नांवाजलेलीं: फिकट हिरवीं, अंगावर पांढरट रेघा, आकारानें मोठीं, आंत गर फार आणि बिया थोड्या. २०१६ सालीं जळगांवच्या भरताच्या वांग्यास व केळ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें; पण त्याआधीं कितीएक वर्षें आमच्याकडे पाहुण्यांस निरोप जात आलेला आहे तो 'थंडींत भरीत खावयास या' असाच.

हें भरीत घरच्या शेगडीवर भाजून डब्यांत भरून नेणें म्हणजे त्याचा अपमान आहे. तें शेतांतच व्हावयास पाहिजे. वांग्यांना टोचे मारून वर तेलाचा हात फिरवावा आणि कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर तीं भाजावीं. या काड्या भडकन् पेटतात, वांग्याची साल बाहेरून करपते व धुराचा वास आंत शिरतो. लाकडाच्या निखाऱ्यावर हा वास येत नाहीं. सालें काढून, देंठ मात्र राखून, गर लाकडाच्या बडगींत घालावा. त्यांत भाजलेल्या हिरव्या मिरच्या व लसूण ठेंचून टाकावा. लसूण न खाणाऱ्यांचें भरीत आधींच वेगळें काढावें. मग पातीचा कांदा, कोथिंबीर, आणि तेलांत तळलेले शेंगदाणे व सुक्या खोबऱ्याचे काप. हळद नको, आणि दहीं तर मुळींच नको. देशावरील दह्याचें भरीत आम्हांसही आवडतें, पण तें पानांत वाढतांना कालवण्याचें भरीत आहे. माणशीं पाव किलोहून थोडें अधिक कच्चें वांगें धरावें. कमी धरल्यास पुढें पश्चात्ताप होतो, हा आमचा अनुभव.

याच्या जोडीस कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट उडीद आणि बेताचें मीठ एकत्र दळून आणलें कीं कळणें झालें. याच पिठाच्या पुऱ्याही होतात व त्या आदल्या दिवशीं करून नेतां येतात. म्हणजे घरच्या बायकांनीं आधीं करावयाचें काम एवढेंच: पुऱ्या, आणि लोणच्याची बरणी काढून देणें. केळीचीं पानें शेजारच्या बागेंतून मागून घ्यावींत. घांसण्यास ताट उरत नाहीं. आणि भाजणें-ठेंचणें? खानदेशांतील शेतांवर तें काम पुरुषच करीत आले आहेत. वरण-बट्टीचेंही तसेंच: गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाच्या बट्ट्या गोवऱ्यांच्या हारांत भाजून, राख झटकून, तुपांत बुडवून काढणाऱ्यांत आम्हीं अनेक ठिकाणीं पुरुषच पाहिले. ही चाल पांढरपेशा घरांनीं उचलावयास लाज वाटण्याचें कांहींएक कारण नाहीं.

जाळ सर्वत्र करतां येत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. चाळीसगांवजवळची पाटणादेवी आमची फार आवडती. जेथें १२०७ सालच्या शिलालेखांत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे, ती ही जागा. परंतु ती गौताळा अभयारण्यांत येते, आणि तेथें आगकाडी ओढणें हा अपराध आहे. अशा ठिकाणीं दशम्या व चटणी न्यावी. एरंडोलजवळचें पद्मालय, तापी-पूर्णेच्या संगमावरचें चांगदेव, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला, येथेंही कोरडी शिदोरीच सोयीची. किल्ल्यावर तर पाण्याखेरीज जड असें कांहींच नेऊं नये.

समुद्र आम्हां खानदेशकरांच्या वांट्यास आला नाहीं. आमची तापी समुद्राला मिळते ती सुरतेच्या पलीकडे, आणि घरांतील मुलांनीं पहिला समुद्र पाहिला तोही तिकडे, डुमासला, भुसावळ-सुरत गाडीनें जाऊन. तेथें एक गंमत झाली. आमच्या कोरड्या हवेंत चिवडा उघडा पडला तरी संध्याकाळपर्यंत कुरकुरतो. किनाऱ्यावर तो अर्ध्या तासांत मऊ पडला आणि शेव तर वातड झाली. शिवाय वारा सुटला कीं तेलकट पदार्थावर वाळू चिकटते. तेव्हांपासून समुद्रावर जातांना प्रत्येकाची पुरचुंडी वेगळी बांधतों, आणि तींत गुंडाळलेली दशमी, गुळपापडी व सालीसकट केळें, एवढेंच. केळ्यासारखें झांकण कोणत्याही डब्यास नाहीं.

मुडावदच्या प्रसंगानंतरच्या मार्गशीर्षांत गिरणेकांठच्या एका स्नेह्यांच्या शेतावर जाण्याचें ठरलें. या खेपेस बेत आम्हीं रात्रीं जेवतांना जाहीर केला नाहीं. चार दिवस आधीं सूनबाईंस विचारला, आणि वैशाखांतल्या त्या भाताविषयीं जें सांगावयास हवें होतें तें घरांतील सर्वांसमक्ष सांगितलें. त्या कांहींच बोलल्या नाहींत. "पुऱ्या किती करूं?" एवढेंच त्यांनीं विचारलें. शेतावर पोंचल्यावर जाळ आम्हीं व पुतण्यांनीं केला, बोटें भाजून घेतलीं, आणि धुरानें डोळे लाल करून घेतले. थोरल्या काकू खाटेवर बसून सूचना देत होत्या. बायका व मुलें पहिल्या पंक्तीस बसलीं आणि आम्हीं वाढलें. सूनबाईंनीं पहिला घांस घेतला, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "काका, मीठ दोनदां पडलें आहे."

पडलेंच होतें.