काळ्या घोड्यापाशी

गेल्या दिवाळीत माझी भाची अमेरिकेहून बडोद्यास आली, ती चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलगी जन्माने चिनी. दोन वर्षांची असताना तिकडच्या एका अनाथालयातून भाचीने व जावयांनी तिला दत्तक घेतले. अनाथालयात ठेवलेले तिचे नावही त्यांनी जपले आहे. घरातले मराठी तिला समजते, शाळेत इंग्रजी, आणि दर शनिवारी ती चिनी भाषेच्या वर्गाला जाते.

हे शेवटचे आमच्या दांडिया बाजारातल्या घरात कोणाच्या पचनी पडेना. "मराठीच धड येत नाही, त्यात आणखी चिनी कशाला?" असे माझी बहीण, म्हणजे मुलीची आजीच, म्हणाली. येत्या उन्हाळ्यात भाची तिला जन्मगाव दाखवायला चीनला नेणार, हे ऐकून तर मीही बोललो, "पोर सुखात आहे, मागचे कशाला उकरतेस?" भाची म्हणाली, "मामा, ती रोज आरशात पाहते. आज ना उद्या ती जाणारच. मग आमच्याबरोबर का नको?"

तिच्यासारखी मुले थोडीथोडकी नाहीत. १९९२ पासून चीनमधून दीड लाखांहून अधिक मुले परदेशांत दत्तक गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत. त्यांत मुलीच फार. एकाच अपत्याचा सरकारी दंडक आणि मुलगाच हवा ही हौस, यांचा तो परिणाम. आपण नाक मुरडू नये. ही हौस आपल्याही परिचयाची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने नातेवाइकांचा अपवाद सोडून ही वाट बंद केली. मूल टाकणे तिथे गुन्हा, म्हणून आईबाप नाव मागे ठेवीत नसत. अशा मुलाला जन्मघराचा वारसा मिळायचा तर भाषेचा, नाही तर त्या गावाच्या मातीचा. आणखी काही हाती लागण्याचा भरवसा नाही.

भाऊबीजेला घर भरले. मी ओळख करून देत होतो: हा मामा, ही मावशी, हे काका, ती आत्या. मुलीचे डोळे चमकले. इंग्रजीत सारे अंकल आणि आंटी; पण चिनीतही म्हणे असेच वेगळे शब्द आहेत. मामा म्हणजे ज्यौज्यौ, आत्या म्हणजे गूगू. काकांच्या बाबतीत तर ते आपल्याही पुढे: थोरला बोबो आणि धाकटा शूशू. मावशीला ईमा. त्यातला 'मा' आईचा. आणि आपली मावशी तरी कोण? मूळ संस्कृतात आईची बहीण, मातृष्वसा. "हे शब्द मी वर्गात पाठ केले होते," ती म्हणाली, "पण हाक मारायला कोणी नव्हते." माझ्या मुलाला तिने लगेच ज्यौज्यौ करून टाकले.

मग घरभर शिकवणी सुरू झाली. चिनीत 'मा' चार सुरांत म्हणतात. एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात रागावणे. आम्हां साऱ्यांच्या आईचा घोडा होत होता!

दुसऱ्या दिवशी तिला सयाजीबाग दाखवायला नेले. दाराशी काळा घोडा दिसताच ती म्हणाली, "मा!" सूर अर्थातच तिसरा. मग विचारले, "वर बसलेले कोण?"

मी सांगू लागलो. हे सयाजीराव महाराज. जन्मनाव गोपाळराव, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा वय बारा आणि अक्षरओळखही नव्हती. राजवाड्यात आल्यावर ते मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा शिकले. पुढे त्यांनीच १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

तिला त्या सक्तीचे कौतुक नव्हते. तिने विचारले, "त्यांना आपले पहिले घर आठवत होते? भाऊ भेटत होते?"

म्हटले, भेटत होते तर! आनंदराव आणि संपतराव हे भाऊ बडोद्यातच आले, इथेच वाढले. संपतरावांचा ग्रंथसंग्रह तर आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला.

बोलता बोलता माझे मलाच उमगले. कवळाण्याचे नाव आपण आजवर अभिमानाने सांगत आलो. त्याने जमनाबाईंचे आईपण उणे झाले नाही की बडोद्याचा हक्कही. मग माझ्या भाचीचेच आईपण एका प्रवासाने कसे उणे होईल?

घरी येऊन भाचीला म्हटले, "जा घेऊन. आणि तिथले फोटो पाठव."

बहीण काही बोलली नाही. रात्री मात्र तिने नातीला हळूच विचारले, "मला काय म्हणायचं गं तुमच्यात?"

"वाइपो. आईकडची आजी."

आता दर रविवारी फोन येतो, तेव्हा बहीण आधीच खुर्ची ओढून बसलेली असते. नातीने चुकून नुसते आजी म्हटले, तर तिला ते पुरत नाही.