मुलाचा अभ्यास पालकांपर्यंत कसा पोहोचेल?

हिंगोली जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. लेकरू गावात आजीकडे, आई-वडील फडावर. मग पालकसभेला येणार कोण?

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार मुलाची हजेरी व शिकण्यातील प्रगती पालकांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

उपाय काय?
वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी आवाजी निरोप, सोबत मुलाने वाचलेल्या धड्याचे रेकॉर्डिंग. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केल्यास ‘दीक्षा’वर त्या धड्याचे साहित्य मिळते.

काळजी कोणती?
मुलाचे गुण आणि उणिवा ग्रुपवर टाकू नयेत. त्या फक्त त्याच्याच पालकांना कळवाव्यात. स्मार्टफोन नसेल तिथे साधा फोन करावा. लेकरू कुठे अडले, हे वेळीच कळले तरच पालकांना काही करता येईल.