पावसाळा : मधपेटीच्या कसोटीचा काळ

अमेरिकी मधमाशीपालक लँगस्ट्रॉथ यांच्या १८५३ च्या ग्रंथापासून पाश्चात्त्य मधमाशीपालनाच्या पुस्तकांत हिवाळ्याच्या तयारीला महत्त्व दिलेले आढळते. नवी मुंबईतील ऐरोलीसह कोकणपट्टीत मात्र टंचाईचा काळ पावसाळा असतो, कारण संततधारेत मकरंद धुऊन जातो आणि कामकरी माश्यांना बाहेर पडता येत नाही. त्यामुळे सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी, सांभाळताना मृगापूर्वीच पुरेसा मध पोळ्यांत राखणे, साठा घटल्यास साखरेचा पाक देणे आणि रिकामी पोळी काढून मेणकिड्याला, म्हणजे मेण पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीला, आळा घालणे आवश्यक ठरते. उपासमार झाल्यास सातेरीची वसाहत पेटी सोडून निघून जाते. म्हणूनच ग्रंथातील पूर्वतयारीचे तत्त्व स्वीकारताना त्याचे वेळापत्रक स्थानिक फुलोऱ्यावरून आणि पावसावरून ठरवणे हेच खरे शास्त्रीय वाचन होय.