डॅशबोर्डवरील दिवे का फडफडतात? बॅटरी बदलण्यापूर्वी कारण शोधणे हिताचे

रात्रीच्या प्रवासात मोटारीच्या डॅशबोर्डवरील दिवे मंद होऊन पुन्हा उजळू लागले, की बहुतेक वाहनमालकांचा पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसविली जाते, काही हजार रुपये खर्च होतात आणि पुष्कळदा दिव्यांची फडफड मात्र कायम राहते. दिव्यांचे लुकलुकणे हा स्वतंत्र आजार नसून विद्युतपुरवठ्यातील अस्थैर्याचे लक्षण आहे. ते नेमके केव्हा घडते याकडे लक्ष दिल्यास बिघाडाचे स्थान बरेचसे उमगते.

मोटारीत विजेचे दोन स्रोत असतात. इंजिन बंद असताना आणि सेल्फ मारताना बॅटरी वीज पुरवते. इंजिन सुरू झाल्यावर हे काम अल्टरनेटरकडे जाते. पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो, त्यातील डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि रेग्युलेटर दाब मर्यादेत ठेवतो. हा प्रवाह तारांतून दिव्यांपर्यंत जातो व गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून, म्हणजेच अर्थिंगद्वारे, बॅटरीकडे परततो. या वर्तुळातील एकही दुवा कमकुवत झाला, की परिणाम दिव्यांवर दिसतो.

पहिले निरीक्षण हेडलाइटचे करावे. हेडलाइट स्थिर असून केवळ डॅशबोर्डचे दिवे लुकलुकत असतील, तर दोष बहुधा त्यांची तीव्रता कमी-जास्त करणाऱ्या बटणात, फ्यूजच्या जोडणीत किंवा डॅशबोर्डमागील कनेक्टरमध्ये असतो. दोन्ही एकाच वेळी फडफडत असतील, तर मुख्य पुरवठा तपासावा लागतो. इंजिनाचा वेग वाढताच लुकलुकण्याची गती बदलत असल्यास संशय अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा रेग्युलेटर यांच्यावर जातो. खड्ड्यातून गाडी आदळल्यावरच दिवे लुकलुकत असतील, तर एखादी जोडणी सैल असण्याची शक्यता अधिक. इंडिकेटर लावल्यावर डॅशबोर्डचे दिवे त्याच तालावर मंद होत असतील, तर अर्थिंग तपासणे इष्ट ठरते.

यानंतरची चाचणी साध्या डिजिटल मल्टिमीटरने करता येते. गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर पूर्ण भारित बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ व्होल्टच्या आसपास असेल, तर बॅटरी जवळपास अर्धी उतरलेली आहे. अशा वेळी ती आधी चार्ज करून मगच पुढील निष्कर्ष काढावा. इंजिन सुरू असताना दाब सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट भरतो. तो १३ व्होल्टच्या वर जातच नसेल, तर चार्जिंग अपुरे असू शकते. १५ व्होल्टच्या पुढे जात असेल, तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा, कारण अतिरिक्त दाबाने बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भाग दोन्ही खराब होतात. मात्र अनेक नव्या गाड्यांत इंधनबचतीसाठी संगणकच अल्टरनेटरचा दाब कमी-अधिक करतो. त्यामुळे एकाच नोंदीवरून निर्णय न घेता गाडीची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक आहे.

अर्थिंगची तपासणी वेगळी असते. इंजिन आणि हेडलाइट सुरू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावे. नोंद ०.२ व्होल्टपेक्षा अधिक आल्यास अर्थिंगची तार किंवा तिचा बोल्ट गंजलेला, सैल वा तुटत आलेला असण्याचा संभव असतो. पावसाळी ओल, समुद्रकिनारी भागांतील खारी हवा आणि तारा कुरतडणारे उंदीर ही आपल्याकडील परिचित कारणे आहेत. बाहेरून बसविलेले जादा शक्तीचे दिवे, हॉर्न किंवा ध्वनियंत्रणा यांसाठी मूळ तारा कापून केलेले जोडही तितकेच कारणीभूत ठरतात.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. इंजिन बंद करून प्रथम ऋण व नंतर धन टर्मिनल सोडवावे. खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि ब्रश यांनी ते स्वच्छ करून पूर्ण कोरडे करावेत. जोडताना क्रम उलटा असतो; आधी धन, शेवटी ऋण. हातमोजे आणि चष्मा वापरावा, तसेच जवळपास ज्योत किंवा ठिणगी असू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो.

अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन सुरू असताना बॅटरीची तार काढण्याची जुनी पद्धत आजही काही ठिकाणी दिसते. ती धोकादायक आहे. त्या क्षणी दाब एकदम उसळून गाडीचा संगणक निकामी होऊ शकतो. विद्युत व हायब्रिड वाहनांतील नारिंगी रंगाच्या उच्चदाब केबलना तर अप्रशिक्षित व्यक्तीने हात लावू नये.

प्रत्येक लुकलुकणे बिघाडाचे नसते. मोबाईलच्या चित्रफितीत डॅशबोर्ड फडफडताना दिसतो, पण डोळ्यांना स्थिर वाटतो, तेव्हा ते बहुधा एलईडी दिव्यांच्या नियंत्रणपद्धतीमुळे असते. याउलट इंजिन चालू असताना बॅटरीचे लाल चिन्ह उजळले, तर ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. चार्जिंग थांबल्याची ती सूचना असते आणि गाडी त्यापुढे बॅटरीत उरलेल्या विजेवर धावत असते. ती संपत आली, की हेडलाइट मंदावतात, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचे साह्य सुटू शकते आणि शेवटी इंजिन बंद पडते. अशा वेळी वातानुकूलन यंत्रणा व ध्वनियंत्रणा बंद करून, हेडलाइट मात्र चालू ठेवून, गाडी सुरक्षित जागी थांबवावी. जळका वास येत असल्यास इंजिन तत्काळ बंद करून सर्वांनी बाहेर पडावे.

मेकॅनिककडे जाताना दिवे केव्हा, किती वेळ आणि कोणत्या वेगाला लुकलुकतात, याची टिपणे सोबत न्यावीत. नेमक्या वर्णनामुळे नेमका भाग तपासला जातो आणि विनाकारण बॅटरी बदलण्याचा खर्च टळतो.