भात-नाचणीच्या आहारात अंड्याचे स्थान : महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातून महाडच्या खोऱ्यात उतरते. रायगड जिल्ह्याच्या ह्या अंतर्भागात सखल जमिनीत भात, तर वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकते. अशा धान्यप्रधान आहारात अंड्याचे मोल काय, आणि अंडी-व्यवसायाच्या प्रचंड वाढीने ते मोल येथील ताटात कितपत उतरते, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सुमारे ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यात ६ ग्रॅमांहून किंचित अधिक प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ व ७० ते ७५ किलोकॅलरी ऊर्जा असते. तथापि त्याचे खरे महत्त्व प्रथिनांच्या गुणवत्तेत आहे. तांदळाच्या एक ग्रॅम प्रथिनात लायसिन हे आवश्यक ॲमिनो आम्ल सुमारे ३७ मिलिग्रॅम असते. अंड्याच्या प्रथिनात ते ७० मिलिग्रॅमच्या आसपास आढळते. म्हणजे भातातील उणीव अंडे नेमकी भरून काढते. धान्यात मुळीच नसणारे बी-१२ जीवनसत्त्वही बलकातून मिळते. उलटपक्षी अंड्याच्या खाद्य भागात कॅल्शियम बेताचेच, तर १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या घरात असते. नाचणीची भाकरी व अंडे हा संयोग म्हणूनच परस्परपूरक ठरतो. अंड्यात क जीवनसत्त्व नसते व त्यातील लोह सहजी शोषले जात नाही. यासाठी आवळ्यासारख्या फळाची जोड हवी. अंडे शिजवूनच खावे, हेही प्रयोगसिद्ध आहे : शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचतात, कच्च्यातील जेमतेम ५१ टक्के.

कोलेस्टेरॉलच्या भीतीने १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्यास तीनपेक्षा अधिक बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला होता. पुढील संशोधनाने ही भीती सौम्य झाली व २०१५ च्या अमेरिकी आहार-मार्गदर्शिकेतून कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची दैनिक मर्यादा वगळण्यात आली. वाढत्या वयाच्या, अपुऱ्या प्रथिनांवर वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न गौणच होय.

आता उत्पादनाकडे वळू. जगातील अंडी-उत्पादनाचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा चीनचा आहे. भारताचा क्रम दुसरा. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे १४,२७७ कोटी अंडी झाली, म्हणजे दरडोई वर्षाला १०३. आहारतज्ज्ञांची शिफारस मात्र १८० ची आहे. शिवाय ह्या उत्पादनापैकी सुमारे ४६ टक्के आंध्र प्रदेश, तमिळनाडू व तेलंगणा ह्या तीन राज्यांत एकवटले आहे. दरडोई सरासरीवरून डोंगरातल्या वाडीचा अंदाज बांधता येत नाही, तो ह्यामुळेच.

संकरित कोंबडी वर्षाला ३०० च्या वर अंडी देते. परसातील गावठी कोंबडी ६० ते ८० देते. मधून मधून ती खुडूक बसते. म्हणजे तीन गावठी कोंबड्यांची वर्षभराची अंडी एका माणसाची शिफारस जेमतेम पुरी करतात. त्यांतूनही काही उबवणीस ठेवावी लागतात, काही मीठ-मिरचीच्या खर्चासाठी विकली जातात. मानमोडीची साथ आली तर खुराडेच रिकामे होते. घरी कोंबडी आहे म्हणजे मुलाला अंडे मिळते, हे गृहीतक म्हणूनच टिकत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर शालेय पोषण आहारातील अंड्याचा प्रश्न पाहावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठवड्यातून एक अंडे, व न खाणाऱ्यांस केळे वा अन्य फळ, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबवून शाळांनी ते हवे असल्यास लोकसहभागातून द्यावे असे ठरले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. केळे हे उत्तम फळ असले तरी १०० ग्रॅम केळ्यात प्रथिने एका ग्रॅमच्या आसपासच असतात. प्रथिनांच्या दृष्टीने ते अंड्याचा पर्याय नव्हे. अंडे न खाणाऱ्यांसाठी दूध वा डाळीचा विचार अधिक सयुक्तिक ठरेल. दुसरे असे की, महाडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या शाळेस लोकवर्गणी जमविणे शक्य होईल. ज्या वाडीतील कर्ती माणसे मुंबईस चाकरीला गेली आहेत, तेथील लहान शाळेस ते कठीण. जेथे गरज अधिक, तेथेच वर्गणी उणी पडणार.

आठवड्यास एक अंडे वर्षाच्या ५२ ही आठवड्यांत दिले, तरी ते शिफारशीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच भरते. परंतु भात-नाचणीच्या ताटात त्या एका अंड्याने जी उणीव भरून निघते, ती तेवढ्याच किमतीच्या अधिक धान्याने भरून निघत नाही. अंड्यांच्या एकूण उत्पादनाइतकेच त्यांच्या वाटपाचेही मोजमाप तालुकावार व्हावे, हे येथील अभ्यासकांपुढील कार्य आहे.