खाटेवरचा अर्धा तास
मुंबईतल्या एका रुग्णालयात मेटानेफ्रिनसाठी रक्त घेतात त्या खोलीत रुग्णासाठी खुर्ची नाही, खाट आहे. सिस्टर शिरेत कॅन्युला घालतात, चिकटपट्टीने पक्का करतात आणि रक्त न काढताच घड्याळ बघतात. "मावशी, आता अर्धा तास उठायचं नाही. मोबाइल इकडे द्या, आणि बोलू नका." जिना चढून आल्याने, सुईच्या धास्तीने चढलेलं नॉरॲड्रिनलिन हे संप्रेरक खाली यायला एवढा वेळ द्यावाच लागतो.

शंका असते फिओक्रोमोसायटोमाची. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यात होणारी ही गाठ. वर्षाला दहा लाखांत २ ते ८ जणांत सापडते. एकाएकी डोकं ठणकतं, अंग घामाने चिंब होतं, छाती धडधडते, बीपी चढतं आणि थोड्या वेळाने सगळं ओसरतं. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी नॉर्मल! मग "टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं जातं. याचा मला राग येतो, कारण लक्षात न आलेली ही गाठ भूल देताना किंवा बाळंतपणात जीव घेऊ शकते.

गाठ ॲड्रिनलिन सोडते ते झटक्याझटक्याने. दोन झटक्यांच्या मधे रक्त घेतलं तर ॲड्रिनलिन हाती लागेलच असं नाही. पण पेशीतल्या साठ्यातून ते सारखं झिरपत असतं, आणि गाठीतच असलेलं कॉम्ट नावाचं विकर त्याचं मेटानेफ्रिन करतं, नॉरॲड्रिनलिनचं नॉरमेटानेफ्रिन. हे काम अहोरात्र चालू, झटका असो वा नसो. कॉम्ट शोधलं ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी, १९५०च्या दशकात. १९७० साली नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. ही तपासणी त्या शोधावरच उभी आहे.

संशोधक लेंडर्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली जुन्या-नव्या तपासण्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. रक्तातल्या मेटानेफ्रिनने गाठ असलेल्यांपैकी ९९ टक्के ओळखले; मात्र गाठ नसलेल्यांपैकीही सुमारे ११ टक्क्यांचा आकडा वाढलेला आला. रोग इतका दुर्मीळ, की सरसकट तपासलं तर वाढलेले बहुतेक रिपोर्ट निरोगी माणसांचेच निघतील. खाटेवरचा अर्धा तास ही खोटी भीती कमी करतो. नुसतं बसून रक्त दिलं तरी नॉरमेटानेफ्रिन वाढतं.

वेळ भरली की सिस्टर कॅन्युलातून जांभळ्या झाकणाची ट्यूब भरतात. सुई पुन्हा टोचायची नसते. ट्यूब लगेच बर्फात जाते, पुढे थंड सेंट्रिफ्यूजमध्ये. वेगळा झालेला प्लाझ्मा गोठवून ठेवतात. मावशींच्या गोळ्यांची यादी सिस्टरांनी आधीच दोनदा वाचलेली असते. जुन्या दुखण्यासाठी रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलीनसुद्धा आकडा वर नेते, आणि यंत्राच्या काही पद्धतींत साधी पॅरासिटामॉलही गोंधळ घालते. गोळी बंद करायची ती मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आकडा मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आला तर शंका फारशी उरत नाही. सीटी स्कॅन करून गाठ शोधायची. पण थोडासा वाढलेला रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं येतात, तेव्हा इथले डॉक्टर स्कॅन लिहिण्याआधी विचारतात, "रक्त बसून दिलं होतं की पडून?" बसून दिलं असेल तर त्यांना याच खाटेवर पाठवतात.